लाल डबी की निळी डबी?

गेली दोन वर्षं एप्रिल महिना लागला की मी कॉलेजमध्ये अचानक पॉप्युलर होते. एरवी फायनल इयरच्या ज्या मंडळींना माझं नाव सोडा, ब्रँचसुद्धा माहीत नसते, ती कॅन्टीनमध्ये स्वतःहून समोर येऊन बसतात, तर्री-पोह्याची प्लेट पुढे सरकवतात आणि मग हळूच विषयावर येतात. “तू महालातली नं? तुझ्या काकांकडे म्हणे सीडी राइट करून मिळते?”

मिळते. बडकस चौकातून आत शिरलं की दोन गल्ल्या सोडून काकांचं दुकान आहे. आज तिथे मोबाईलची कव्हरं, झेरॉक्स आणि लॅमिनेशन चालतं, पण मागच्या टेबलावर एक जुना पीसी आहे आणि त्यात चक्क चालू अवस्थेतला डीव्हीडी रायटर आहे. आपल्याकडे प्रोजेक्ट रिपोर्ट काळ्या रेक्झिनमध्ये बाइंड करून देताना शेवटच्या पुठ्ठ्याला पाकीट चिकटवून त्यात सीडी द्यावी लागते. सीडी नाही तर सही नाही, आणि सही नाही तर सबमिशन नाही. आता हॉस्टेलच्या कोणत्याही विंगमध्ये जा आणि सीडी ड्राइव्ह असलेला एक लॅपटॉप शोधून दाखवा! म्हणून मग आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर प्रोजेक्ट करणारे चौघे दोन गाड्यांवर बसून महालात येतात, ४० रुपये देतात आणि ४ एमबीची पीडीएफ ७०० एमबीच्या तबकडीवर कोरून नेतात.

मागच्या एप्रिलमध्ये अशीच एका ग्रुपची सीडी राइट व्हायची वाट पाहत बसले होते, तेव्हा वरच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक डबा दिसला. शेजारी तीन लालबुंद डब्या आणि एक वजनदार ट्रान्सफॉर्मर.

“काका, हे काय आहे?”

“ते? ते माझं शहाणपण आहे,” काका म्हणाले.

तो एचडी डीव्हीडी प्लेयर होता. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नावही ऐकलेलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं, कारण तो मेला तेव्हा मी तीन वर्षांचीही नव्हते. पण त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला तो बसलाच, आणि आता तुमच्या डोक्यात घालणार आहे.

काकांनी दुकान काढलं तेव्हा ती व्हिडिओ लायब्ररी होती. व्हीएचएस कॅसेटी, आणि रात्रभरासाठी व्हीसीपी भाड्याने. मग व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी. प्रत्येक वेळी काका थोडे उशिरा बदलले आणि प्रत्येक वेळी जुना माल अंगावर पडला. म्हणून २००७ साली त्यांनी ठरवलं की यंदा आपण सगळ्यांच्या आधी. अमेरिकेतले एक नातेवाईक दिवाळीला येणार होते. त्यांनी तिथल्या दुकानातून फोन केला: दोन प्रकारचे नवीन प्लेयर आहेत, दोन्ही हाय डेफिनिशन, पण एकाची डिस्क दुसऱ्यात चालत नाही. लाल डबीवाला आणू की निळ्या डबीवाला?

काकांनी फोनवरच तीन मुद्दे काढले. पहिला, किंमत. त्या नोव्हेंबरात अमेरिकेत एचडी डीव्हीडी प्लेयर १०० डॉलरच्या आत विकायला काढले होते आणि डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता. ब्लू-रे प्लेयर त्याच्या कितीतरी पट महाग. दुसरा मुद्दा, नाव. गिऱ्हाइकाला ‘डीव्हीडी’ कळते, तिच्यापुढे फक्त ‘एचडी’ लागलंय, समजावणं सोपं. ब्लू-रे म्हणजे काय हे महालात कोण कोणाला सांगत बसणार? तिसरा, रीजन. डीव्हीडीचे जगभर विभाग पाडलेले असतात, आपला भारत पाचव्या विभागात. ब्लू-रेनेही तीन विभाग केले, त्यात अमेरिका ‘ए’ आणि आपण ‘सी’. एचडी डीव्हीडीला ही भानगडच नव्हती. जगात कुठूनही डिस्क आणा आणि लावा.

काकांनी लाल डबी निवडली. प्लेयर ११० व्होल्टचा निघाला, म्हणून सीताबर्डीवरून ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. घरी २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही, त्याला पिवळी-लाल-पांढरी वायर. त्या पिवळ्या वायरमधून हाय डेफिनिशन जातच नाही, हे इथल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सांगायला नको. मी विचारलं, “मग फरक काय दिसला?” “अगं, डबी लाल होती. हाच फरक.”

आणि १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने जाहीर केलं की आम्ही एचडी डीव्हीडी बंद करतोय. त्या दिवशी शिवजयंती. काका गांधी गेटजवळ पुतळ्यापाशी मिरवणुकीत होते. बातमी त्यांना दोन दिवसांनी पेपरातल्या आतल्या पानावर दिसली.

मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? काकांचे तिन्ही मुद्दे बरोबर होते. आजही तपासून पाहा. स्वस्त, समजायला सोपं, कुलूप नाही. परीक्षेत या उत्तराला मी पूर्ण मार्क दिले असते. तरी ते चुकले. आणि ते का चुकले याचं जे उत्तर आपल्याला शिकवतात, ते मला पटत नाही.

प्लेसमेंट ट्रेनिंगमध्ये आमच्या बॅचला ग्रुप डिस्कशनला विषय होता, ‘चांगलं तंत्रज्ञान शेवटी जिंकतंच का?’ एका मुलाने ठासून सांगितलं, हो, ब्लू-रे बघा! डिस्कमध्ये जास्त डेटा मावत होता म्हणून जिंकली. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता यातला खरा भाग किती ते मोजता येतं, आणि फिजिक्सच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकावर येतं. लेझरचा ठिपका जितका बारीक तितके बिट्स जवळजवळ लिहिता येतात. ठिपक्याचा व्यास तरंगलांबी भागिले न्यूमरिकल ॲपर्चर या प्रमाणात असतो. डीव्हीडीचा लेझर लाल, ६५० नॅनोमीटर, ॲपर्चर ०.६०, भागाकार १०८३. ब्लू-रेचा जांभळट निळा, ४०५ नॅनोमीटर, ॲपर्चर ०.८५, भागाकार ४७६. म्हणजे ठिपका सव्वादोन पट बारीक, क्षेत्रफळात साधारण ५.२ पट. डीव्हीडीच्या एका थराचे ४.७ जीबी गुणिले ५.२, उत्तर २४ च्या वर. प्रत्यक्षात ब्लू-रेचा एक थर २५ जीबीचा आहे! एचडी डीव्हीडीचा लेझरही तोच ४०५ चा, पण ॲपर्चर ०.६५. करा गणित: तीन पट, १४ च्या वर. प्रत्यक्षात १५ जीबी. (ज्यांना व्हायव्हात ‘एक्झाम्पल द्या’ म्हणतात त्यांनी हे पाठ करावं.)

हा निळा लेझर मिळवण्यात जपानच्या निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरांचं मोठं काम आहे; निळ्या एलईडीसाठी त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर. म्हणजे दोन्ही पार्ट्यांकडे किरण एकच होता. भांडण होतं ते भिंगाचं आणि प्लॅस्टिकच्या जाडीचं. ॲपर्चर ०.८५ करायचं तर डेटाचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, ०.१ मिलिमीटरवर आणावा लागतो. डिस्क जराशी वाकडी असली तरी चालावं म्हणून. मग ओरखड्याची भीती. सुरुवातीला ब्लू-रे डिस्क एका खोक्यातच ठेवायचा विचार होता. नंतर टीडीकेने कडक लेप शोधला आणि खोकं गेलं. उलट एचडी डीव्हीडीने जुन्या डीव्हीडीचीच ०.६ मिलिमीटरची जाडी ठेवली. फायदा असा की डीव्हीडीच्या कारखान्यात थोडे बदल करून त्याच मशीनवर नवीन डिस्क निघत होती.

आता सांगा, यात ‘चांगलं’ कोणतं? एकाने जास्त जागा दिली, दुसऱ्याने कारखान्याचा खर्च वाचवला. दोन्ही इंजिनियरिंगच आहे. मला विचाराल तर दुसरं जास्त इंजिनियरिंग आहे. आणि १५ जीबीतही, दोन थर केले तर ३० जीबीत, पिक्चर व्यवस्थित मावत होता. लोकांना पडद्यावर फरक दिसला म्हणून त्यांनी ब्लू-रे घेतली असं झालेलं नाही.

झालं ते असं. १९९५ सालीही डीव्हीडीच्या जन्माआधी असेच दोन तट होते, सोनी-फिलिप्सचा एक आणि तोशिबा-टाइम वॉर्नरचा दुसरा. तेव्हा कॉम्प्युटर कंपन्यांनी, त्यात आयबीएम पुढे, दोघांना एकत्र बसवलं आणि एकच डीव्हीडी निघाली. २००५ मध्ये पुन्हा बोलणी झाली, या वेळी फिसकटली. २००६ च्या मार्चमध्ये जपानात एचडी डीव्हीडी आली, जूनमध्ये अमेरिकेत ब्लू-रे. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ काढलं आणि त्यात ब्लू-रे ड्राइव्ह बसवूनच दिला, कोणी मागितलेला नसताना. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकला, १९९ डॉलरला, हवा त्याने घ्यावा. म्हणजे एका बाजूला मेसची सक्तीची थाळी आणि दुसऱ्या बाजूला एक्स्ट्रा! हॉस्टेलवाल्यांना विचारा, जास्त काय खपतं.

मग स्टुडिओंची ओढाओढ. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स फक्त एचडी डीव्हीडीकडे गेले, त्याबदल्यात १५ कोटी डॉलरच्या घसघशीत सवलती मिळाल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. वॉर्नर दोन्ही दगडांवर पाय ठेवून होती. ४ जानेवारी २००८ ला तिने सांगितलं, यापुढे फक्त ब्लू-रे. तिथे खेळ संपला. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स (तेव्हा ती पोस्टाने डिस्क पाठवायची), बेस्ट बाय आणि वॉलमार्ट एकामागून एक ब्लू-रेच्या बाजूला गेल्या, आणि १९ तारखेला तोशिबाने हात टेकले. गंमत म्हणजे २००२ साली नऊ कंपन्यांनी ब्लू-रेची घोषणा केली होती तीही १९ फेब्रुवारीलाच. बरोबर सहा वर्षं.

या अख्ख्या लढाईत गिऱ्हाइकाला कोणी विचारलंच नाही, असं म्हणणारेही आहेत. तेही मला पूर्ण पटत नाही. गिऱ्हाइकाने मत दिलं होतं, फक्त ते तिसऱ्याच उमेदवाराला. बहुतेक लोकांनी दोन्ही घेतलं नाही, घरची डीव्हीडीच चालू ठेवली. आणि आपल्या महालात तर त्याच्याही मागे, व्हीसीडी.

व्हीसीडीची कोणी आरती ओवाळत नाही, म्हणून मी ओवाळते. १९९३ सालचं तंत्र. ३५२ बाय २८८ चं चित्र, एका सीडीत ७४ मिनिटं, हिंदी पिक्चरला दोन किंवा तीन सीड्या. नायिकेचं लग्न मोडायच्या क्षणाला चित्र थांबायचं आणि ‘कृपया दुसरी सीडी लावा’. अमेरिकेत ती फारशी चालली नाही, पण आशियात तिने राज्य केलं. का? प्लेयर स्वस्त. रीजनचं कुलूप नाही, कॉपीचं कुलूप नाही. कॅसेटसारखी दमट हवेत बुरशी धरत नाही, गुंतत नाही, रिवाइंड करायला नको. चित्र पाहिलं तर चौकटी-चौकटी. पण लोड शेडिंगच्या त्या वर्षांत दिवे आले की लगेच लावता यायची, आणि शेजाऱ्याला द्यायला भीती वाटायची नाही. मोझर बेअर या नोएडाच्या कंपनीने २००७ च्या सुमाराला व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. ही कंपनी कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. काका सांगतात, “भाडं दहा रुपये, विकत अठ्ठावीस. मग भाड्याने कोण नेणार?” काकांची लायब्ररी लाल डबीने बुडाली नाही आणि निळ्या डबीनेही नाही. ती २८ रुपयांनी बुडाली. पुढे पेन ड्राइव्ह आले, २०१६ मध्ये जिओ आलं आणि २०१८ मध्ये खुद्द मोझर बेअर लिक्विडेशनमध्ये गेली.

जिंकलेल्या ब्लू-रेचं काय झालं? सॅमसंगने २०१९ मध्ये ब्लू-रे प्लेयरमधून अंग काढून घेतलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द सोनीने घरी राइट करायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. पिक्चरच्या छापील ब्लू-रे अजून निघतात आणि शौकीन लोक घेतात, त्यांचं चित्र आपल्या हॉस्टेलच्या वाय-फायवरच्या चित्राच्या फार पुढे आहे यात वादच नाही. पण मराठी पिक्चरची ब्लू-रे मी अजून हातात धरलेली नाही. कोणाकडे असेल तर मला दाखवा, चहा माझा.

हा सगळा इतिहास सांगायचं कारण आपली ती पाकिटातली सीडी. आपणही एक फॉरमॅट निवडलेला आहे, आणि निवडून विसरून गेलो आहोत.

मी लायब्ररीच्या मॅडमना विनंती केली आणि त्यांनी जुन्या प्रोजेक्टच्या सहा सीड्या सही घेऊन दिल्या, २००८ ते २०१२ मधल्या. काकांच्या मशीनवर एकेक लावल्या. दोन वाचल्याच गेल्या नाहीत. एकीवर कॉलेजचा सुंदर रंगीत कागद चिकटवलेला होता, त्याला फुगे आले होते आणि सोलताना त्याच्याबरोबर चंदेरी थरही निघून आला. (सीडीचा डेटा खालच्या बाजूला नाही, वरच्या लेबलच्या अगदी खाली असतो. आपण जपतो ती बाजू चुकीची.) दुसरी दिसायला ठीक होती. पण राइट करायच्या सीडीत डेटा रसायनाच्या थरात असतो, त्याला उष्णता आणि उजेड सोसत नाही. आपलं कपाट पश्चिमेच्या खिडकीला लागून आहे आणि हे नागपूर आहे. मे महिन्याबद्दल मी वेगळं काय लिहू? छापील डिस्कसुद्धा अमर नसते: २०२५ मध्ये वॉर्नरने मान्य केलं की २००६ ते २००८ मध्ये बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी वेळेआधी खराब होतायत.

उरलेल्या चार उघडल्या. एकीत प्रोग्राम होता व्हिज्युअल बेसिक ६ मधला, तो काहीतरी फाइल सापडत नाही म्हणून अडून बसला. दोन पीडीएफ उत्तम. आणि चौथ्या सीडीत वर्डची फाइल, सगळी इंग्रजी, फक्त आभाराचं पान मराठीत. ते पान म्हणजे नुसती अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. काकांनी पाहिल्याबरोबर ओळखलं. “कृतिदेव आहे बेटा.” त्या काळी युनिकोड नव्हे तर असल्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करायचे, फॉन्ट मशीनवर नसला की खाली लपलेले रोमन कळांचे ठसे वर येतात. कन्व्हर्टर लावला तर पान उलगडलं. त्या दादाने गाइडचे, आईवडिलांचे आभार मानले होतेच, पण अर्धं पान हॉस्टेलच्या मेसमधल्या आचाऱ्यावर होतं. रात्री दोन वाजता सर्किट चालत नव्हतं तेव्हा त्यांनी उठून पोळ्या करून दिल्या म्हणून. प्रोजेक्ट काय होता ते मी विसरले. पण हे पान मी कॉपी करून ठेवलंय.

तर सीडी वाचली जाणं ही अर्धीच गोष्ट. आतली फाइल कोणत्या लिपीत आहे हे बाकीचं अर्धं. हा घोळ विदर्भाला नवीन नाही. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ‘महानुभाव’ हा शब्द मला आधी टोमणा म्हणूनच माहीत होता. पण ऋद्धपूर इथून काही फार लांब नाही. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. महानुभावांनी नंतर आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये ठेवले, बाहेरच्याला वाचता येऊ नये म्हणून. म्हणजे एन्क्रिप्शन! परिणाम असा की शतकानुशतकं मराठीतलं हे मोठं गद्य बाकीच्या मराठी लोकांना वाचताच आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे ते उलगडलं. (एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रेच्या कुलपाची १६ बाइटची एक किल्ली २००७ मध्येच फुटून इंटरनेटभर झाली. महानुभाव जास्त टिकले.) पण ग्रंथ उरले कसे? चांगल्या कागदामुळे नव्हे. मठामठांत बसून लोक त्यांच्या नकला करत राहिले, जुनी पोथी जीर्ण व्हायच्या आधी नवी.

काकाही हेच करतात, त्यांना कोणी शिकवलेलं नाही. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट त्यांनी व्हीसीपी चालू होता तेव्हाच व्हीसीडीवर घेतली, मग डीव्हीडीवर, मग पेन ड्राइव्हवर, आणि आता ती दोन घरांत दोन हार्ड डिस्कवर आहे. प्रत्येक वेळी ‘चांगला’ फॉरमॅट कोणता यावर त्यांनी डोकं लावलं नाही. अजून वाचता येतंय तोवर पुढच्यावर टाकलं, बस्स.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रोजेक्टची सीडी बंद करा. त्याऐवजी रिपोर्टची पीडीएफ आणि प्रोग्रामचा मजकूर लायब्ररीच्या सर्व्हरवर घ्या. डीस्पेससारखं फुकट सॉफ्टवेअर अनेक कॉलेजं वापरतात. त्याच्या दोन नकला दोन वेगळ्या इमारतींत हार्ड डिस्कवर, आणि दर जूनमध्ये कोणीतरी नावानिशी जबाबदार माणसाने त्या उघडून पाहायच्या. मराठी असेल ते युनिकोडमध्ये. बाइंडिंग मात्र ठेवा, ते पंधरा वर्षांनीही वीज नसताना उघडतं.

यावर आमच्या एका सरांचा आक्षेप मला मान्य आहे. ते म्हणाले, “सीडीचा एक गुण आहे. एकदा लिहिली की बदलता येत नाही. सर्व्हरवरची फाइल उद्या कोणी बदलली तर?” बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे फाइलचा हॅश, शे-दीडशे रुपयांचंसुद्धा काम नाही, सबमिशनच्या दिवशी काढून सर्टिफिकेटच्या पानावर छापायचा. एक अक्षर बदललं तरी हॅश जुळणार नाही, आणि छापलेलं पान कपाटात बसलेलं आहेच. सर म्हणाले, लिहून दे. लिहून दिलंय. मॅडमनीही अर्ज पुढे पाठवलाय. तोवर सीडी सक्तीची आहेच.

काकांना हा लेख वाचून दाखवला. “म्हणजे माझं गिऱ्हाईक तोडून राहिली तू,” एवढंच म्हणाले. मग काय मनात आलं कोण जाणे, स्टुलावर चढून त्यांनी तो प्लेयर खाली काढला. आता घरी एलईडी टीव्ही आहे आणि प्लेयरला मागे एचडीएमआयचं भोक होतं. ते इतक्या वर्षांत कोणी वापरलंच नव्हतं. ट्रान्सफॉर्मर गुंगुंग करायला लागला. ट्रे बाहेर यायला इतका वेळ लागला की आम्हाला वाटलं गेलं कामातून. पहिली डिस्क फिरत राहिली आणि एरर आली. दुसरी होती ‘किंग काँग’. ती लागली.

आम्ही दोघं दुकानाचं शटर अर्धं पाडून पाहत बसलो. काँगच्या कपाळावरचा एकेक केस वेगळा दिसत होता. काका काही बोलत नव्हते. अर्ध्या तासाने म्हणाले, “चित्र चांगलंच होतं गं याचं.” मग शटरखालून कोणीतरी वाकून विचारलं, सीडी राइट होते का इथे, आणि ते उठले.